मोटारगाडीच्या सर्व्हिसिंगचे देयक

मोटारगाडीच्या सर्व्हिसिंगचे देयक म्हणजे वाहन-उत्पादक कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याने चालवलेल्या कार्यशाळेत गाडीची ठरावीक मुदतीची देखभाल झाल्यावर गाडीमालकास दिले जाणारे बिल होय. त्यात सुटे भाग, तेले, मजुरी आणि वस्तू व सेवा कर यांची नोंद असते. बोलीभाषेत त्यास 'कंपनीचे बिल' किंवा 'शोरूमचे बिल' असे म्हणतात. वास्तविक ते कंपनीचे नसून विक्रेत्याचे असते आणि वाद उद्भवल्यावर हा फरक महत्त्वाचा ठरतो.

सांगितलेल्या अंदाजापेक्षा बरीच मोठी रक्कम बिलावर येणे ही या व्यवहारातील नेहमीची तक्रार आहे. अशा वादाचे मूळ बहुधा दरात नसून संमतीत असते. कोणते काम करावयाचे हे गाडी सोडताना नेमके लिहिले जात नाही आणि बिल हाती पडते तेव्हा ते काम होऊन गेलेले असते. त्यामुळे बिल समजून घेताना त्याच्या आधी तयार होणारा कागद, म्हणजे जॉब कार्ड, अधिक काळजीने पाहावा लागतो.

पार्श्वभूमी

१९८० च्या दशकाच्या आरंभापर्यंत महाराष्ट्रातील रस्त्यांवर मुख्यतः प्रीमियर पद्मिनी आणि अँबॅसडर या गाड्या दिसत. पद्मिनी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे. या गाड्यांची यंत्ररचना उघडी व साधी होती. कार्ब्युरेटर साफ करणे, प्लग घासून त्यांची फट जुळवणे, ब्रेक आवळणे ही कामे गावचा मिस्त्री मालकाच्या देखत करीत असे. बिल म्हणजे वहीच्या पानावर लिहिलेले चार आकडे असत. त्या व्यवहारात फसवणूक होत नसे असे नाही, परंतु मालक शेजारी उभा असल्यामुळे न सांगितलेले काम होण्याचा संभव कमी होता.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० बाजारात आली आणि तिच्याबरोबर अधिकृत विक्रेते व अधिकृत सेवा केंद्रे यांचे जाळे देशभर पसरू लागले. पुढे प्रदूषणविषयक मानके कडक होत गेली, कार्ब्युरेटरची जागा इंधन-इंजेक्शनने घेतली आणि इंजिनाचे नियंत्रण संगणकाकडे गेले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे मानक देशभर लागू झाले. आजच्या गाडीतील बिघाड शोधण्यास स्कॅनर लागतो. त्या त्या कंपनीचे संगणकीय साधन मात्र प्रत्येक गॅरेजवाल्याकडे नसते. गाडी आता काचेपलीकडच्या विभागात जाते आणि मालक बाहेर बसतो किंवा घरी परततो. आधुनिक सर्व्हिसिंगची सोय व तिच्याविषयीचा संशय ही दोन्ही या एकाच बदलातून आलेली आहेत.

देयकाची रचना

अधिकृत कार्यशाळेच्या बिलाचे सहसा दोन भाग असतात. सुटे भाग व तेले एका भागात आणि मजुरी दुसऱ्या भागात येते. पहिल्या भागातील ओळींवर वस्तूचे नाव, तिचा एचएसएन संकेतांक, नग किंवा लिटर, करपूर्व किंमत आणि कर हे तपशील असतात. मजुरी ही सेवा असल्याने तिला वेगळा संकेतांक लागतो. देखभाल व दुरुस्तीच्या सेवांसाठी तो ९९८७ या अंकांनी सुरू होतो. व्यवहार राज्यांतर्गत असल्यास कराची रक्कम केंद्र व राज्य अशी निम्मी-निम्मी दाखवली जाते.

मजुरी प्रत्यक्ष लागलेल्या वेळेवर आकारली जात नाही. प्रत्येक कामास किती वेळ लागावा याचे प्रमाण कंपनी ठरवून देते आणि त्या वेळेस कार्यशाळेच्या ताशी दराने गुणले जाते. कारागिराने एका तासाचे काम चाळीस मिनिटांत उरकले तरी आकार एका तासाचाच राहतो. काम रेंगाळले तरी तो वाढू नये अशी या पद्धतीमागील कल्पना आहे. ताशी दर शहरानुसार बदलतो आणि महानगरांत तो सामान्यतः अधिक असतो. रंगकामाची मजुरी दरवाजा, बॉनेट, बंपर अशा भागांनुसार ठरलेली असते.

कराच्या बाबतीत एक जुना गोंधळ अलीकडे कमी झाला आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यापासून बहुतेक सुट्या भागांवर २८ टक्के आणि मजुरीवर १८ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सर्व सुट्या भागांवरील दर १८ टक्के करण्यात आला. करपूर्व किंमत १,००० रुपये असलेला भाग पूर्वी १,२८० रुपयांस पडत असे; करपूर्व किंमत तीच राहिल्यास तो आता १,१८० रुपयांस मिळावयास हवा.

दुसरा गोंधळ अद्याप कायम आहे. वेष्टनावर छापलेली कमाल किरकोळ किंमत, म्हणजे एमआरपी, सर्व करांसहित असते. बिलावर मात्र कर वेगळा काढून दाखवतात, त्यामुळे एमआरपीवर पुन्हा कर लावला की काय अशी शंका येते. ताळा सोपा आहे. ५९० रुपये एमआरपी असलेल्या भागाची बिलावरील करपूर्व किंमत ५०० रुपये आणि त्यावरील कर ९० रुपये असला तर हिशेब बरोबर आहे. करपूर्व किंमतच ५९० रुपये दाखवून वर १०६ रुपये कर लावला असेल तर ती एमआरपीपेक्षा अधिक दराने केलेली विक्री ठरते. वैध मापनशास्त्राच्या आवेष्टित वस्तूंविषयीच्या २०११ च्या नियमांनुसार अशा विक्रीस मनाई आहे. मजुरीचे दर मात्र तोंडी सांगताना जवळपास नेहमीच करावाचून सांगितले जातात. 'दीड हजार लेबर' याचा बिलावरील अर्थ १,७७० रुपये असा होतो.

इंजिन ऑइलची ओळ स्वतंत्रपणे पाहावी अशी असते. कार्यशाळेत ते अनेकदा पिंपातून सुटे भरले जाते आणि बिलावर लिटरमध्ये येते. लहान पेट्रोल गाडीस साधारणतः तीन ते चार लिटर तेल लागते. नेमका आकडा गाडीबरोबर मिळालेल्या माहितीपुस्तिकेत छापलेला असतो. बिलावरील लिटर त्यापेक्षा ठळकपणे अधिक असतील तर विचारणा करण्यास तेवढे कारण पुरेसे आहे.

'मोफत' सर्व्हिसिंग

नव्या गाडीबरोबर पहिली काही सर्व्हिसिंग मोफत मिळतात. अनेक कंपन्यांत ती १,००० किलोमीटर किंवा एक महिना, ५,००० किलोमीटर किंवा सहा महिने आणि १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष अशा टप्प्यांवर येतात आणि दोहोंपैकी जे आधी होईल ते धरले जाते. येथे 'मोफत' हे विशेषण केवळ मजुरीला लागू असते. तेल, गाळण्या व इतर खपाच्या वस्तू यांचे पैसे मालकास द्यावे लागतात. पहिल्यांदा गाडी घेणाऱ्या कुटुंबास बसणारा पहिला धक्का बहुधा हाच असतो. तो बेकायदेशीर नाही, कारण अट पुस्तिकेत लिहिलेली असते. शब्दाची निवड मात्र प्रामाणिक म्हणता येणार नाही. 'मजुरीमाफ' असा साधा शब्द असता तर गैरसमज झाला नसता.

अनपेक्षित आकारणी

बिल फुगवणाऱ्या बाबींमध्ये सर्वांत ठळक म्हणजे ज्यांना कार्यशाळांच्या परिभाषेत मूल्यवर्धित सेवा म्हणतात त्या. इंजिन आतून धुण्याचे द्रावण, इंधन-प्रणालीची सफाई, थ्रॉटल बॉडीची सफाई, वातानुकूलन यंत्रणेचे निर्जंतुकीकरण, आतील आसनांची धुलाई, रंगावरील संरक्षक लेप, टायरमध्ये नायट्रोजन भरणे अशी ही यादी आहे. यांतील काही कामे विशिष्ट स्थितीत उपयोगी असतात. परंतु बहुतेकांचा उल्लेख कंपनीच्या स्वतःच्या देखभाल-तक्त्यात आढळत नाही. हा तक्ता माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानांत असतो. किती किलोमीटरनंतर किंवा किती महिन्यांनी काय तपासावे व काय बदलावे हे त्यात दिलेले असते. तक्त्यात असलेले काम देखभालीचे आणि तक्त्यात नसलेले काम सुचवणीचे, एवढा भेद लक्षात ठेवला तरी बिलाचे वाचन बदलते.

या सेवांचा आग्रह का होतो हेही समजून घेणे आवश्यक आहे. नवी गाडी विकण्यात विक्रेत्यास मिळणारा वाटा लहान असतो. कार्यशाळा हा त्याच्या उत्पन्नाचा स्थिर आधार असतो. गाडी ताब्यात घेणारा सर्व्हिस ॲडव्हायझर हा तंत्रज्ञ व विक्रेता या दोन्ही भूमिकांत असतो आणि अशा सेवांच्या विक्रीचे मासिक लक्ष्य त्याला अनेक ठिकाणी दिलेले असते. तो सांगतो ते खोटेच असते असे मानणे अन्यायाचे होईल. मात्र त्याचा सल्ला निरपेक्ष नसतो, हे मालकास ठाऊक असावे.

दुसरा प्रकार मुदतीआधी भाग बदलण्याचा आहे. ब्रेक पॅड, वायपरचे रबर, हवेची गाळणी, बॅटरी हे भाग झिजतातच. प्रश्न केव्हा बदलावे याचा असतो. ब्रेक पॅडची उरलेली जाडी मिलिमीटरमध्ये मोजता येते व बॅटरीची स्थिती यंत्राने तपासून तिचा कागदी निकाल देता येतो. त्यामुळे 'साठ टक्के गेले आहेत' यासारख्या विधानावर मोजमाप मागणे योग्य ठरते. कमी प्रवास झालेल्या गाडीत हवेची गाळणी नुसती झटकून पुन्हा बसवता येते की बदलावीच लागते, हाही असाच प्रश्न आहे. ब्रेक पॅडच्या बाबतीत मात्र काटकसर धोक्याची असते आणि तेथे शंका सुरक्षिततेच्या बाजूने सोडवावी.

तिसऱ्या प्रकारात लहान रकमा येतात. 'कन्झ्युमेबल्स' या एका शब्दाखाली ब्रेक साफ करण्याचा फवारा, ग्रीस, चिंध्या, काच धुण्याचे द्रावण अशा गोष्टी एकत्र लावल्या जातात. वापरलेल्या तेलाची विल्हेवाट, गाडी घरून नेणे-आणणे, बिघाड शोधण्याची तपासणी, तयार गाडी वेळेत न नेल्यास उभी ठेवण्याचे भाडे याही ओळी दिसतात. बिघाड शोधण्याचे शुल्क पुढे दुरुस्ती नाकारली तरी देय राहते, हे अनेकांना माहीत नसते. रक्कम लहान असल्याने या ओळी सहसा कोणी विचारत नाही.

एका कल्पित उदाहरणाने हे स्पष्ट होईल. ३०,००० किलोमीटर धावलेल्या लहान पेट्रोल गाडीच्या सर्व्हिसिंगचा अंदाज तोंडी 'साधारण पाच हजार' असा सांगितला गेला. तेल, गाळण्या व इतर भाग करासहित ३,००० रुपये आणि मजुरी १,७०० रुपये अधिक ३०६ रुपये कर, अशी बेरीज ५,००६ रुपये होते. म्हणजे अंदाज चुकीचा नव्हता. संध्याकाळी बिलावर आणखी चार ओळी आल्या. वातानुकूलन यंत्रणेची सफाई १,००० रुपये, इंधन-प्रणालीची सफाई १,२०० रुपये, चाकांचे अलाइनमेंट व बॅलन्सिंग ९०० रुपये आणि कन्झ्युमेबल्स २०० रुपये. १८ टक्के कर धरून या चार ओळींचे ३,८९४ रुपये झाले आणि एकूण बिल ८,९०० रुपयांचे झाले. यातील कोणताही एक दर पाहून आरडाओरडा करावा असे काही नाही. अलाइनमेंट कदाचित आवश्यकही असेल. तरीही बिलाचा सुमारे ४४ टक्के भाग मालकाने मागितलेल्या कामाचा नाही. दरांची तुलना करीत बसल्यास हा वाद सुटत नाही. ती चार कामे कोणी सांगितली, एवढाच त्यातील खरा प्रश्न आहे.

चिंचणी-बोईसर परिसराचे उदाहरण

स्थान बदलले की बिलाचे स्वरूपही थोडे बदलते. पालघर जिल्ह्याच्या डहाणू तालुक्यातील चिंचणी हे समुद्रकाठचे गाव त्याचे चांगले उदाहरण आहे. लगत तारापूर, १९६९ पासून वीज देणारा तेथील अणुऊर्जा प्रकल्प आणि बोईसरची औद्योगिक वसाहत यांमुळे या भागात पगारदार कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. लोकल गाडी पकडायची तर वाणगाव किंवा बोईसर स्थानक गाठावे लागते. त्यामुळे घरची मोटार ही येथे सोयीपेक्षा गरज अधिक आहे. अधिकृत कार्यशाळेसाठी गावातून सहसा बोईसर-पालघरच्या दिशेने किंवा मुंबई-अहमदाबाद महामार्गाकडे जावे लागते.

या अंतराचा बिलाशी थेट संबंध आहे. पाळीवर जाणारा कामगार किंवा कर्मचारी सकाळी गाडी सोडतो, दिलेल्या जागी घाईने सही करतो आणि कामावर जातो. दुपारी ॲडव्हायझरचा दूरध्वनी येतो. यंत्राच्या आवाजात किंवा वरिष्ठांसमोर उभे असताना तो 'करून टाका' म्हणतो आणि संध्याकाळी त्या दोन शब्दांचे बिल होते. गाडी न घेता परतावे तर दुसऱ्या दिवशी पुन्हा रजा व पुन्हा रिक्षा, म्हणून न पटलेले बिलही भरले जाते. कार्यशाळा घराजवळ असलेल्या ग्राहकापेक्षा लांबून येणाऱ्याची घासाघीस करण्याची ताकद कमी असते.

दुसरी गोष्ट हवेची. खारी हवा उघड्या लोखंडास लवकर गंजवते हे किनाऱ्यावरील प्रत्येक घराच्या खिडकीच्या गजांवर दिसते. त्यामुळे गाडीच्या तळाला गंजरोधक लेप देण्याचा सल्ला येथे निराधार म्हणता येत नाही. परंतु तो प्रत्येक सर्व्हिसिंगला द्यावा लागत नाही. लेपास मुदत असते, ती लेखी हमीत लिहून मिळते आणि त्या मुदतीत पुन्हा पैसे लावले जाऊ नयेत. पावसाळ्यानंतर तळ गोड्या पाण्याने स्वच्छ धुणे हा कमी खर्चाचा उपाय आहे. त्याची शिफारस मात्र क्वचितच ऐकू येते. वाळूवर गाडी नेण्याची सवय असल्यास या धुण्याचे महत्त्व आणखी वाढते.

उत्तर कोकणातील पाऊस हा तिसरा घटक आहे. खड्ड्यांमुळे चाकांची दिशा बिघडते, म्हणून पावसाळ्यानंतरच्या अलाइनमेंटवर खर्च करणे सार्थ असते. गाडी एका बाजूस ओढत असेल किंवा टायर एका कडेने झिजत असेल तर त्यास पुरावाच मिळाला असे समजावे. साचलेल्या पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केल्यास पाणी सिलिंडरमध्ये शिरून इंजिनाची मोठी हानी होते. साध्या विमापत्रात अशा हानीचे पैसे बहुधा मिळत नाहीत. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते.

जॉब कार्ड

गाडी स्वीकारताना तयार होणारे जॉब कार्ड हा या साऱ्या व्यवहाराचा करारनामा असतो. त्यावर गाडीचे चाललेले किलोमीटर, इंधनाची पातळी, बाहेरील ओरखडे, मालकाच्या तक्रारी, करावयाची कामे आणि अंदाजित खर्च यांची नोंद होते. खाली बारीक अक्षरांत अटी असतात आणि त्यांत आवश्यक वाटल्यास अधिक काम करण्याची मुभा कार्यशाळेस देणारे वाक्य पुष्कळदा असते. कागदाऐवजी आता मोबाईलवर ओटीपी मागितला जातो. ओटीपी सांगणे म्हणजे सही करणे होय, हे मात्र पुरेसे स्पष्ट केले जात नाही.

जॉब कार्डवर 'येथे नमूद केलेल्या कामांव्यतिरिक्त कोणतेही काम लेखी संमतीशिवाय करू नये' असे हाताने लिहिता येते. नको असलेल्या मूल्यवर्धित सेवांवर काट मारता येते. बदललेले जुने भाग परत हवेत, असेही त्याच वेळी लिहावे लागते. संध्याकाळी मागितल्यास ते भंगारात गेलेले असतात. हमीखाली किंवा विम्यातून बदललेले भाग मात्र कंपनीकडे वा विमा कंपनीकडे जातात, ते मालकास मिळत नाहीत. गाडी उघडल्यावर खरोखर नवा बिघाड आढळू शकतो. अशा वेळी त्याचे छायाचित्र, भागाची किंमत व मजुरी संदेशाने मागवून संदेशानेच होकार वा नकार दिल्यास पुढे 'मी म्हणालो', 'तुम्ही म्हणालात' असा प्रकार उद्भवत नाही.

कायदेशीर बाजू

बिल न पटल्यास ते न भरता गाडी घेऊन जाण्याचा हक्क मालकास आहे का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७० नुसार, सोपवलेल्या वस्तूवर उद्देशाप्रमाणे श्रम किंवा कौशल्य खर्च करणाऱ्यास आपला योग्य मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू स्वतःकडे ठेवता येते. म्हणजेच कार्यशाळा गाडी अडवून ठेवू शकते. मात्र हा अधिकार सांगितलेल्या कामाच्या योग्य मोबदल्यापुरता आहे. न सांगितलेल्या कामास तो सहज लागू करता येत नाही. व्यवहारात गाडीची गरज असते, म्हणून 'वादग्रस्त ओळी मान्य नाहीत, रक्कम हरकत नोंदवून भरली' असे बिलाच्या प्रतीवर किंवा त्याच दिवशी ईमेलने लिहून पैसे भरणे हा शहाणपणाचा मार्ग मानला जातो.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला आणि त्याने १९८६ च्या अधिनियमाची जागा घेतली. सदोष सेवा हा त्याखाली तक्रारीचा विषय आहे. दिलेल्या सेवेचे बिल वा पावती न देणे ही या अधिनियमाने अनुचित व्यापारी प्रथांत स्पष्टपणे घातलेली बाब आहे. 'बिल नको असेल तर कर वाचेल' ही सूचना त्या दृष्टीने पाहावी. जॉब कार्डावरील एकतर्फी अटी अन्याय्य करार म्हणून आव्हानित करता येतात, परंतु तशी तक्रार जिल्हा आयोगाकडे नव्हे, राज्य आयोगाकडे करावी लागते.

तक्रार कोणाविरुद्ध करावी याबाबत गोव्यातील एक प्रकरण उद्बोधक आहे. २०११ ची नवी गाडी म्हणून एका ग्राहकास विक्रेत्याने दिलेली मोटार प्रत्यक्षात २००९ च्या बनावटीची निघाली. ग्राहक मंचांनी विक्रेत्याबरोबर उत्पादक टाटा मोटर्सलाही जबाबदार धरले होते. सर्वोच्च न्यायालयाने १८ फेब्रुवारी २०२१ च्या निकालात उत्पादकावरील जबाबदारी रद्द केली. कंपनी व विक्रेता यांचे संबंध दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांमधील असून विक्रेत्याच्या कृत्याची माहिती कंपनीस होती असे सिद्ध झालेले नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. ते प्रकरण विक्रीचे होते, सर्व्हिसिंगचे नव्हे. तथापि 'कंपनीचे बिल' या समजुतीतील कच्चा दुवा त्यातून दिसतो. फुगलेल्या बिलाचा पहिला उत्तरदायी ते देणारा विक्रेता असतो. कंपनीच्या ग्राहक विभागाकडे केलेली तक्रार दबाव आणण्यास उपयोगी पडते, जबाबदारी निश्चित करण्यास पुरेशी नसते.

स्पर्धा आयोगाचा निर्णय

अधिकृत कार्यशाळेबाहेर सर्व्हिसिंग केल्यास हमी रद्द होईल, ही भीती ग्राहकास तेथेच बांधून ठेवते. या प्रश्नावर भारतीय स्पर्धा आयोगासमोर २०११ मध्ये तक्रार दाखल झाली. आरंभी ती होंडा, फोक्सवॅगन व फियाट यांच्याविरुद्ध होती. चौकशीत इतर कंपन्याही आल्या. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यांत मारुती सुझुकी, टाटा मोटर्स, महिंद्र, टोयोटा यांचा समावेश होता. अस्सल सुटे भाग, बिघाड शोधण्याची साधने व दुरुस्तीची तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांपर्यंत पोहोचू न देता कंपन्यांनी बाजार बंदिस्त केला, असा आयोगाचा निष्कर्ष होता.

दंडापेक्षा आयोगाचे निर्देश ग्राहकाच्या अधिक उपयोगाचे आहेत. केवळ स्वतंत्र गॅरेजमध्ये काम केले या कारणावरून सरसकट हमी रद्द करण्याची अट घालू नये आणि सुट्या भागांच्या किमती संकेतस्थळावर जाहीर कराव्यात, असे त्यांत सांगितले होते. स्पर्धा अपील न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये टोयोटा, फोर्ड व निसान यांच्या अपिलांत गैरप्रकाराचा निष्कर्ष कायम ठेवला, दंडाची मोजणी मात्र सुट्या भागांच्या उलाढालीपुरती मर्यादित केली. पुढे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासंबंधी समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याविषयीचे संकेतस्थळ सुरू केले. वाहन क्षेत्र हे त्यातील चार क्षेत्रांपैकी एक आहे. प्रत्यक्षात हमीच्या काळात बहुतेक मालक अधिकृत कार्यशाळेतच जातात आणि हमी संपल्यावर ओळखीच्या मिस्त्रीकडे वळतात.

अपघाती दुरुस्ती

विम्यातून होणाऱ्या दुरुस्तीत अनपेक्षित रकमेची कारणे वेगळी असतात. साध्या विमापत्रात प्लास्टिक व रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार कापला जातो आणि काचेवर कापला जात नाही. शिवाय १,५०० सीसीपर्यंतच्या मोटारीस १,००० रुपये व त्यावरील मोटारीस २,००० रुपये इतका वाटा मालकाने उचलावाच लागतो. तेल, ग्रीस, नटबोल्ट यांसारख्या खपाच्या वस्तू वेगळे कलम घेतल्यासच मिळतात. 'कॅशलेस' या शब्दाचा अर्थ काहीही भरावे लागणार नाही असा होत नाही.

तक्रारीची पद्धत

पहिली पायरी कार्यशाळेच्या व्यवस्थापकाकडे लेखी हरकत घेण्याची असते. जॉब कार्डाची प्रत, अंदाजपत्रक, बिल, पैसे भरल्याची पावती, संदेश व छायाचित्रे ही तिच्या सोबत जोडावीत. उत्तर न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक सहायवाणीवर नोंद करता येते. तेथे मध्यस्थीने मिटवण्याचा प्रयत्न होतो, आदेश दिला जात नाही. एमआरपीपेक्षा अधिक आकारणीची तक्रार राज्याच्या वैध मापनशास्त्र यंत्रणेकडे जाते. १९७५ पासून कार्यरत असलेल्या मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थाही मार्गदर्शन करतात.

यानंतर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग येतो. ५० लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याची प्रकरणे त्याच्याकडे चालतात आणि ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्यास शुल्क नसते. सर्व्हिसिंगचे बिल या मर्यादेत सहज बसते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. वकील नेमणे बंधनकारक नाही. २०१९ च्या अधिनियमाने आणलेला महत्त्वाचा बदल म्हणजे ग्राहक जेथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो तेथील आयोगाकडेही तक्रार करता येते. कार्यशाळा मुंबईत असली तरी चिंचणीच्या रहिवाशास मुंबईच्या आयोगाकडे जाण्याची सक्ती नाही. अर्ज इंटरनेटवरून दाखल होतो. ई-दाखिल या संकेतस्थळानंतर १ जानेवारी २०२५ पासून त्यासाठी ई-जागृती ही व्यवस्था सुरू झाली आहे, आणि दूरदृश्य पद्धतीने सुनावणी मागण्याची तरतूदही कायद्यात आहे. वस्तूची तांत्रिक तपासणी लागत नसेल तर तीन महिन्यांत व लागत असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात अधिक काळ जातो. त्यामुळे तीन-चार हजारांच्या वादात सहायवाणी व लेखी हरकत यांवरच बहुतेक ग्राहक थांबतात. आयोगापुढे पोहोचल्यावर मात्र जॉब कार्ड हाच प्रमुख पुरावा ठरतो. त्यावर लिहिलेली कामे आणि बिलावरील ओळी समोरासमोर ठेवल्या जातात, आणि न जुळणाऱ्या ओळींसाठी ग्राहकाची संमती होती हे दाखवण्याचा प्रश्न कार्यशाळेपुढे उभा राहतो.